विश्लेषण : ‘अलाऊ’ दाबण्याआधी... मोबाइल ॲप नेमके काय मागते आणि आपण काय देऊन बसतो?

तुळशीचे लग्न लागले की खान्देशात लग्नसराई सुरू होते. जळगाव-धुळ्यातल्या घराघरांत व्हॉट्सॲपवर रोज एखादी तरी पत्रिका येऊन पडते. कोणाकडचे लग्न आहे हे पाहण्यासाठी फाइल उघडली जाते. फोन एकापाठोपाठ एक दोन-तीन प्रश्न विचारतो आणि बोट सवयीने ‘अलाऊ’वर पडते. पत्रिका मात्र उघडत नाही. फाइल खराब असेल, असे समजून माणूस फोन खिशात टाकतो. नंतर बँकेतून पैसे गेल्याचे कळते, तोवर तीच ‘पत्रिका’ त्याच्या नावाने भावकीच्या, गावाच्या आणि वर्गमित्रांच्या ग्रुपवर पोहोचलेली असते.

फसवणुकीचा हा प्रकार गेल्या काही वर्षांत देशभर पसरला आहे. कधी लग्नपत्रिका, कधी आरटीओचे चलन, कधी पीएम-किसानची यादी, तर कधी बँकेची केवायसी. नाव बदलते, पद्धत तीच राहते. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशभरात सायबर फसवणुकीत नागरिकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. यातला सगळाच पैसा ॲपमधून गेलेला नाही. पण फोनवरच्या परवानग्या समजून घेतल्या, तर यातली एक मोठी वाट बंद करता येते. ती कशी, याचा हा आढावा.

परवानगी म्हणजे नेमके काय?

अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींमध्ये प्रत्येक ॲप स्वतंत्र कप्प्यात ठेवलेले असते. एका ॲपला दुसऱ्या ॲपची माहिती थेट वाचता येत नाही. फोनबुक, मेसेज, कॅमेरा, माइक, लोकेशन या गोष्टी कप्प्याबाहेर असतात. तिथे हात घालायचा तर ॲपला ऑपरेटिंग सिस्टीममार्फत मालकाला विचारावे लागते. स्क्रीनवर येणारी ती छोटी चौकट म्हणजे परवानगी.

पूर्वी हे विचारणेही नावापुरते होते. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ॲप घेतानाच सगळ्या परवानग्यांची लांब यादी दाखवली जाई. ती मान्य असेल तर ॲप घ्यायचे, नाही तर सोडून द्यायचे. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून ॲपला गरज पडेल तेव्हा, एकेक परवानगी वेगळी मागावी लागू लागली. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये ‘फक्त ॲप वापरात असताना’ लोकेशन देण्याची सोय आली. २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगी देता येऊ लागली, शिवाय बरेच दिवस न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेतल्या जाऊ लागल्या. अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माइक सुरू असेल, तर स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इंटरनेट वापरण्याची परवानगी अँड्रॉइड ‘साधी’ समजते. ती आपोआप मिळते, त्यासाठी चौकट येत नाही. म्हणजे ॲपने फोनबुक वाचायचे का, हे फोन विचारतो. वाचलेले फोनबुक कुठल्या तरी सर्व्हरवर पाठवायचे का, हे कोणी विचारत नाही. एकदा ‘हो’ म्हटल्यावर माहिती फोनबाहेर गेली आणि नंतर परवानगी काढून घेतली, तरी गेलेली माहिती परत येत नाही.

कोणती परवानगी किती महागात पडते?

एसएमएस : बँकेचा ओटीपी, खात्यातली शिल्लक, अनुदान जमा झाल्याचा निरोप हे सगळे एसएमएसवर येते. मेसेज वाचण्याची मुभा मिळालेल्या ॲपला तुमच्या आधी ओटीपी दिसू शकतो. गूगलने २०१९ पासून प्ले स्टोअरवरील ॲपसाठी एसएमएस आणि कॉल लॉगच्या परवानगीवर कडक निर्बंध आणले, ते यामुळेच. स्टोअरबाहेरून आलेल्या ॲपला मात्र ही चाळणी लागत नाही.

कॉन्टॅक्ट : इथे आपण स्वतःपेक्षा दुसऱ्यांचीच माहिती जास्त देतो. फोनबुकात पाचशे नंबर असतील, तर एका ‘अलाऊ’ने पाचशे जणांची नावे आणि क्रमांक जातात. त्यांना कोणी विचारलेले नसते. ‘आई’, ‘मोठे दाजी’, ‘डॉक्टर’, ‘मुकादम’ अशा नावांनी नंबर जतन केलेले असल्याने कोण कोणाचे काय लागते, हेही त्यासोबत जाते.

लोकेशन : सतत चालू असलेले लोकेशन काही दिवसांतच माणसाचे घर, कामाची जागा, मुलांची शाळा आणि दवाखाना सांगून टाकते. अँड्रॉइड १२ पासून ‘अंदाजे’ ठिकाण देण्याचा पर्याय आहे. हवामानाच्या ॲपला तेवढे पुरते.

फोटो आणि फाइल : गॅलरीत फक्त सहलीचे फोटो नसतात. आधार, पॅन, सातबारा, पासबुक, गुणपत्रिका यांचेही फोटो तिथेच असतात. अँड्रॉइड १४ मध्ये पूर्ण गॅलरी न देता निवडक फोटोच देता येतात.

ॲक्सेसिबिलिटी : ही सगळ्यात घातक. दृष्टिहीन किंवा हाताने फोन वापरू न शकणाऱ्या लोकांसाठी ही सोय केलेली आहे. ती मिळालेले ॲप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकते आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबू शकते. भामट्यांच्या हाती ही परवानगी गेली, की बाकीच्या परवानग्या ॲप स्वतःच ‘अलाऊ’ करून घेऊ शकते.

रास्त मागणी कोणती, जास्तीची कोणती?

प्रत्येक परवानगी नाकारणे हा उपाय नाही. त्याचे जवळचे उदाहरण म्हणजे ई-पीक पाहणी. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या या ॲपवर रावेर-यावलचा केळी उत्पादक असो की शिंदखेड्याचा कापूस उत्पादक, शेतकरी स्वतः पिकाची नोंद करतो. फोटो शेतातच काढला आहे, हे ठरवण्यासाठी ॲपला कॅमेरा आणि लोकेशन लागते. दोन्ही नाकारले तर नोंदच होणार नाही. यूपीआयचे ॲप सुरू करताना एसएमएसची परवानगी मागते, कारण खात्याशी जोडलेले सिम त्याच फोनमध्ये आहे का, हे ते मेसेज पाठवून तपासते. रिक्षा बोलावणाऱ्या ॲपला लोकेशन लागणारच.

म्हणून कसोटी एकच ठेवावी. ॲपचे काम आणि त्याची मागणी यांचा मेळ बसतो का? कापसाचे भाव दाखवणाऱ्या ॲपला फोनबुक कशाला? टॉर्चला माइक कशाला? फोटोला फ्रेम लावणाऱ्या ॲपला कॉल लॉग कशाला? मेळ बसत नसेल, तर ‘डोन्ट अलाऊ’ दाबून पाहावे. बहुतेक ॲप त्यानंतरही चालतात. ज्याचे काम त्या परवानगीशिवाय होऊ शकते, तरी जे अडून बसते, ते ॲप काढून टाकलेले बरे.

‘पत्रिके’च्या फाइलमध्ये काय असते?

खरी पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ असते. भामट्यांच्या फाइलचे नाव मात्र ‘एपीके’ या अक्षरांनी संपते. एपीके म्हणजे अँड्रॉइडचे ॲप. ते उघडणे म्हणजे पत्रिका पाहणे नव्हे, तर एक अनोळखी ॲप फोनमध्ये बसवणे.

पहिला प्रश्न येतो तो ‘अनोळखी ठिकाणचे ॲप इन्स्टॉल करू द्यायचे का’ हा. म्हणजे इशारा फोनने दिलेला असतो. तो ओलांडला की ॲप बसते आणि एसएमएसची परवानगी मागते. अनेकदा स्वतःचे चिन्ह लपवून टाकते, त्यामुळे शोधूनही सापडत नाही. यानंतर येणारे मेसेज भामट्याकडे जाऊ लागतात. काही ॲप बँकेसारखे दिसणारे पान दाखवून कार्डाचा तपशील किंवा पिन भरून घेतात. काही ॲक्सेसिबिलिटी मागून स्क्रीनवर काय टाइप होते ते पाहतात. हा तपशील आणि ओटीपी एकत्र आले, की खाते मोकळे होते.

फाइल पुढच्या ग्रुपवर जाते तीही ओटीपीच्याच जोरावर. भामटा तुमच्या नंबरवर स्वतःच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप सुरू करतो. त्यासाठी लागणारा सहा अंकी कोड तुमच्या एसएमएसवर येतो आणि ते ॲप तो पुढे पाठवते. मग तुमच्याच नावाने, तुमच्याच फोटोसह पत्रिका फिरू लागते. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून पुढचा माणूसही ती उघडतो. ज्या भागात लग्नाचे आवतन ओलांडणे वाईट दिसते, तिथे हा डाव चालतो यात नवल नाही.

यावर उपाय म्हणून गूगलने २०२४ च्या अखेरीस भारतात प्ले प्रोटेक्टमध्ये भर घातली. इंटरनेटवरून किंवा मेसेजिंग ॲपमधून आलेले ॲप एसएमएस वाचणे, नोटिफिकेशन वाचणे किंवा ॲक्सेसिबिलिटी अशा परवानग्या मागणारे असेल, तर ते बसण्याआधीच अडवले जाते. ‘फाइल उघडत नसेल तर प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असे कोणी फोनवर सांगत असेल, तर तो माणूस भामटाच आहे, असे खुशाल समजावे.

कर्जाच्या ॲपला फोनबुक का हवे असते?

पाच-दहा हजार रुपये पाच मिनिटांत देणाऱ्या ॲपना तारण नको असते. त्यांचे तारण म्हणजे फोनबुक. हप्ता थकला, की कर्जदाराच्या नातेवाइकांना, मालकाला, शेजाऱ्यांना फोन जातात. बदललेले फोटो पाठवण्याच्या धमक्या येतात. शहरात माणूस एक वेळ नंबर बदलून सुटेल. जिथे अर्धे फोनबुक भावकीचे आणि सोयऱ्यांचे आहे, तिथे घेतलेल्या कर्जापेक्षा गेलेली अब्रू मोठी ठरते. याच छळाला कंटाळून देशाच्या अनेक भागांत लोकांनी आत्महत्या केल्या आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात भारतीयांसाठी उपलब्ध असलेली सुमारे १,१०० कर्ज ॲप आढळली होती. त्यातली सुमारे ६०० बेकायदा होती. त्यानंतर २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील फाइल, फोटो, कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉगला हात लावता कामा नये. कॅमेरा, माइक, लोकेशन यांची परवानगी केवायसीसारख्या कामापुरती, एकदाच आणि ग्राहकाच्या स्पष्ट संमतीनेच घ्यावी. मे २०२५ च्या नव्या निर्देशांतही हा नियम कायम आहे. प्ले स्टोअरनेही मे २०२३ च्या अखेरपासून वैयक्तिक कर्जाच्या ॲपना फोटो आणि कॉन्टॅक्ट वाचण्यास मनाई केली.

त्यामुळे ग्राहकासाठी ओळखीची खूण सोपी झाली आहे. कर्जाचे ॲप कॉन्टॅक्ट मागत असेल, तर ते नियम मोडत आहे. बँका आणि वित्तसंस्थांनी नोंदवलेल्या कर्ज ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. कर्ज घेण्याआधी तिथे नाव तपासावे.

कायदा काय सांगतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. माहिती संरक्षणाच्या कायद्याचा पहिला मसुदा ज्या समितीने २०१८ मध्ये दिला, तिचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण होते. मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला हे नाव परिचित आहे. बऱ्याच फेरबदलांनंतर ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा’ ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

ॲपच्या परवानगीबाबत या कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. समजा, एखादीने डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला देणारे ॲप घेतले. ॲपने वैद्यकीय सेवेसाठी माहिती आणि सोबत फोनबुक, अशा दोन्हींसाठी संमती मागितली आणि तिने दोन्हींना ‘हो’ म्हटले. तरीही तिची संमती वैद्यकीय सेवेपुरतीच धरली जाईल, कारण त्या सेवेसाठी फोनबुकची गरज नाही. म्हणजे नकळत ‘अलाऊ’ दाबले, तरी कायद्याच्या नजरेत जास्तीच्या माहितीवर कंपनीचा हक्क तयार होत नाही.

दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असेही कायदा म्हणतो. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा केलेली संमती लागेल. माहितीच्या सुरक्षेत हलगर्जी केल्यास कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारींसाठी डेटा संरक्षण मंडळाची तरतूद आहे.

मात्र दोन मेख आहेत. पहिली वेळेची. कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने दिले आहेत. त्यामुळे संमती, नोटीस आणि दंडाच्या मुख्य तरतुदी मे २०२७ मध्ये लागू होतील. तोपर्यंत २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यावरच भिस्त आहे. दुसरी भाषेची. संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्या अनुसूचीत आहे. जळगाव-धुळ्याच्या गावागावांत बोलली जाणारी अहिराणी आणि सातपुड्याच्या पायथ्याची पावरी मात्र नाही. ज्यांना नोटीस समजावून सांगण्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्या घरच्या बोलीत ती मिळण्याची कायद्याने हमी नाही.

सरकारी ॲपचे काय?

आपण सरकारी ॲपवर सहज विश्वास ठेवतो. पण प्रश्न तिथेही विचारले गेले आहेत. करोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये आलेले ‘आरोग्य सेतू’ लोकेशन आणि ब्लूटूथ वापरत असे. ते सक्तीचे करण्याला कायद्याचा आधार काय, असा सवाल खुद्द श्रीकृष्ण यांनी केला होता. नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीच बसवून देण्याचा दूरसंचार विभागाचा नोव्हेंबर २०२५ मधील आदेश टीकेनंतर ३ डिसेंबरला मागे घेण्यात आला. नव्या कायद्यातही सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे आणि तिच्यावर आक्षेप घेतले गेले आहेत.

रोजच्या व्यवहारात मात्र जास्त धोका सरकारी नावाने फिरणाऱ्या नकली ॲपचा आहे. पीएम-किसानचा हप्ता, लाडकी बहीणची ई-केवायसी, पीक विमा अशा योजनांची मुदत जवळ आली, की त्याच नावाच्या फाइल आणि लिंक फिरू लागतात. कोणतेही सरकारी खाते व्हॉट्सॲपवर एपीके पाठवून केवायसी करत नाही. शंका असेल तर तलाठी, कृषी सहायक, अंगणवाडी सेविका किंवा आपले सरकार सेवा केंद्रात विचारावे.

आज फोनमध्ये काय तपासाल?

फोनच्या कंपनीप्रमाणे मेन्यूची नावे थोडी वेगळी असतील, पण क्रम साधारण असाच आहे :

• सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी’त जाऊन ‘परमिशन मॅनेजर’ उघडा. एसएमएस, कॉन्टॅक्ट, माइक आणि लोकेशन यांवर एकेक करून टिचकी मारा. कोणाकोणाला परवानगी आहे, याची यादी दिसेल. न पटणारी काढून टाका.

• ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’मध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा. तिथे व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि ब्राउझरसमोरचे बटण बंद ठेवा. ‘पत्रिका’ मग चुकून दाबली गेली, तरी बसणार नाही.

• ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये अनोळखी नाव चालू दिसले, तर लगेच बंद करा.

• लोकेशन शक्यतो ‘ॲप वापरात असताना’ एवढेच ठेवा.

• व्हॉट्सॲपमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करून स्वतःचा पिन ठेवा. एसएमएसचा कोड चोरला गेला, तरी या पिनशिवाय दुसऱ्या फोनवर तुमचे खाते उघडणे अवघड होते.

• प्ले स्टोअरमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू आहे ना, ते पाहा.

फसवणूक झालीच तर?

आधी फोनचे इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला आणि आपल्या बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरण्याआधी गोठवता यावेत, यासाठी पहिले काही तास महत्त्वाचे असतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जळगाव, धुळे येथील सायबर पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येते. आलेली फाइल, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि बँकेचे मेसेज यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. पुरावा हाती आल्यावरच फोन ‘फॅक्टरी रिसेट’ करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

बँकेला कळवण्याची वेळ पैशांच्या दृष्टीनेही मोलाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची, ना ग्राहकाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर नुकसान त्याच्यावर येत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. त्यामुळे लाजेपायी दोन दिवस गप्प बसणे म्हणजे आणखी पैसे घालवण्याची जोखीम घेणे होय. आपल्या नावाने फाइल फिरत असेल, तर ग्रुपवरही लगेच सांगावे. एका माणसाच्या वेळेवर आलेल्या निरोपाने बाकीचे शंभर जण वाचतात.

खान्देशातल्या अनेक घरांत फोन गावाकडे असतो आणि तो ज्यांना नीट कळतो, ती मुले पुण्यात, नाशकात किंवा सुरतेत असतात. दिवाळीला घरी आलेल्या मुलाने, आखाजीला माहेरी आलेल्या लेकीने आई-वडिलांचा फोन दहा मिनिटे हातात घेऊन वरची यादी तपासावी. आणि कोणतीही फाइल उघडताना फोनने काही विचारले, तर काही न दाबता आधी आपल्याला फोन करायचा, एवढे त्यांना सांगून ठेवावे.